आबांच्या वाटणीचा पाला

माझा थोरला भाऊ कारभारी याने लेट्यूसचा डबा भिंतीवर आपटला तेव्हा मी तिथे नव्हते. असते तर तोच डबा उचलून त्याच्या टाळक्यात घातला असता. आमच्या घरात राग सगळ्यांच्याच नाकावर असतो आणि मी माहेरचं नाव कधी खाली पडू दिलेलं नाही.

आमचं गाव पाचोडच्या अलीकडे, मोसंबीच्या बागांमधलं. मी साळूबाई, लग्न करून शहरात आले आणि पुंडलिकनगरात राहते. गावात दोघे भाऊ आहेत. थोरला कारभारी, त्याची बायको लक्ष्मीबाई. धाकटा पुंजाराम, त्याची बायको आशाबाई. आई गेली आणि वर्षाच्या आत दोघांनी वाटण्या केल्या. त्या दिवशी कारभारीने पुंजाच्या दंडाला कडकडून चावा घेतला आणि पुंजाने त्याचा सदरा टराटरा फाडला, बाकी सगळं शांततेत पार पडलं. जमीन वाटली, विहिरीचं पाणी वाटलं, अंगणात कमरेएवढी भिंत घातली. मग राहिले आमचे आबा, कडूबा. त्यांनाही वाटून घेतलं. एक महिना थोरल्याकडे, एक महिना धाकट्याकडे. अमावस्या झाली की आबा गोधडी बगलेत मारायचे आणि भिंतीच्या पलीकडे जायचे. आमच्याकडे घरोघर म्हातारी माणसं अशीच सांभाळतात, कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. लेकीला मात्र या वाटणीत जागा नसते. बाप लेकीकडे राहायला गेला तर गाव मुलांना जगू देत नाही.

आबा काही गरीब गाय नव्हते. तरुणपणी त्यांचा आसूड बैलांवर कमी आणि आमच्यावर जास्त चालला. कारभारीचा डावा कान त्यांनीच एका थपडीत बहिरा केला. पण म्हातारपणी त्यांचा हात थकला आणि माणूस उलटाच झाला. पोरं एकमेकांच्या अंगावर धावली की ते मध्ये जाऊन उभे राहायचे. "आदी मला मारा, मग एकमेकाला मारा," म्हणायचे. बापावर हात टाकायची दोघांचीही छाती नव्हती. म्हणून आमच्या घरात इतकी वर्षं नुसती डोकी फुटली, मुडदा पडला नाही.

त्यातच मागे आबांच्या हृदयातली झडप बदलावी लागली. तेव्हापासून रोज संध्याकाळी रक्त पातळ ठेवायची एक गोळी त्यांच्यामागे लागली. रक्त घट्ट झालं तर झडपेत गाठ अडकते आणि फार पातळ झालं तर साधं खरचटलेलंही थांबत नाही. मधल्या वाटेने चालायचं होतं, आणि आमच्या घरात मधली वाट कुणाला माहीत होती?

यंदा दसऱ्याच्या सुमारास पुंजाने शेडनेट उभारून लेट्यूस लावलं. वेरूळ-अजिंठ्याला येणाऱ्या पाहुण्यांसाठी शहरातली हॉटेलं ते मागतात. दिवाळीनंतर माल निघाला तेव्हा अर्धं गाव बघायला आलं. "कोबी म्हणावं तर गड्डा बसंना, पालक म्हणावं तर शिजंना," असं म्हणून लोक हसून गेले. आशाबाईने पहिल्यांदा ते मेथीसारखं कढईत परतलं. पातेलंभर पाल्याचं वाटीभर हिरवं पाणी झालं. पुंजाने ताट अंगणात भिरकावलं, आशाबाईने त्याच्या मागोमाग कढई भिरकावली.

पण बाई हुशार. शिजवायचा नाद सोडून तिने त्याचा घोळाना केला. पानं मिठाच्या पाण्यात धुवायची, फडक्यावर कोरडी करायची आणि विळीला न लावता हाताने तोडायची. त्यात कांदा, शेंगदाण्याचा कूट, लिंबू आणि लसूण-मिरचीची कडकडीत फोडणी. कालवायचं ते ताटावर बसल्यावरच, नाहीतर पानं मान टाकतात. कधी लांब पानात झुणका भरून त्याची गुंडाळी करायची, वर ठेचा. जाड पानं उरली की पीठ पेरून दोन मिनिटं परतायची, जास्त नाही. आबांना घोळाना भलताच आवडला. दात नसलेल्या बाजूनेही ते कुरुमकुरुम खायचे.

हॉटेलवाल्यांना आतला फिकट, पांढरट गाभा हवा असतो. बाहेरची गडद हिरवी पानं ते काढून टाकायला लावतात, आणि ती आमच्या घरात खाल्ली जायची. खरा कस त्याच पानांत असतो, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. कार्तिकात आबा पुंजाकडे होते तेव्हा मी त्यांना तपासणीला नेलं, तर रक्त हवं त्यापेक्षा घट्ट निघालं. डॉक्टरांनी काय खाता विचारलं. आबांनी अभिमानाने लेट्यूस म्हटल्यावर त्यांना हसू आलं. म्हणाले, पान चांगलंच आहे. बरंचसं पाणीच असतं, पण पोट साफ राहतं, डोळ्यांना चांगलं, रक्त वाढायला चांगलं. फक्त त्यात रक्त गोठवणारं जीवनसत्त्वही असतं, ते या गोळीच्या उलट काम करतं. "सोडू नका. मी गोळी थोडी वाढवतो. आता रोज एवढंच खायचं. आज टोपलीभर आणि उद्या काहीच नाही, असं केलंत तर याच गोळीने रक्त पाण्यासारखं होईल."

मी घरी येऊन दोघांनाही सांगितलं. पुंजाने मान डोलावली. कारभारी मोसंबीच्या झाडाखाली दात कोरत बसला होता. "बगू," म्हणाला.

मार्गशीर्षात आबा भिंतीपलीकडे गेले.

कारभारी बापाला उपाशी ठेवायचा असं कुणी म्हटलं तर मी त्याचे दात घशात घालीन. आबांचा महिना आला की तो बाजारच्या दिवशी कोंबडं कापायचा, रोज अंडी, चरवीभर दूध, तुपात भिजलेली भाकरी. गावाने बघावं म्हणून ओट्यावर बसवून जेवू घालायचा. पण पालेभाजी त्याच्या घरात पुरुषाच्या ताटात पडत नसे. मी फोनवर लेट्यूसचं पुन्हा काढलं तर म्हणाला, "बापाला पाला घालू? शेळी हाय का ती?" हे तो प्रेमाने म्हणत होता, हेच आमचं दुर्दैव.

मग मी आशाबाईला सांगितलं की दुपारी भिंतीवरून रोज एक डबा दे. लक्ष्मीवहिनीने बघून न बघितल्यासारखं केलं. थोडे दिवस निभावलं. मग एका दुपारी कारभारी बागेतून लवकर परतला आणि ओट्यावर आबा डबा उघडून बसलेले दिसले.

"माह्या घरात खायाला नाय व्हय?" तो ओरडला. "माह्या महिन्यात दुसऱ्याच्या चुलीचं खाता? गावाला काय वाटंल, थोरला बापाला जेवू घालत नाय?"

आबा म्हणाले, "आरं, साळूनं सांगितलंय. डाक्टर म्हणला..."

डबा भिंतीवर गेला. डब्यापाठोपाठ कारभारी आशाबाईला शिव्या देत भिंतीकडे धावला, आणि इकडून पुंजा भिंत ओलांडून त्याच्या छातीवर पडला. कारभारीने त्याचं डोकं धरून दगडावर आदळलं. पुंजाने त्याच्या तोंडात बोटं घालून ओठ फाडला. आबा नेहमीप्रमाणे मध्ये घुसले आणि पुंजाचं कोपर त्यांच्या बरगडीत बसलं. ते मटकन खाली बसले तेव्हा दोघे थांबले. तोंडातलं रक्त थुंकून कारभारीने आत जाऊन विळा आणला आणि भिंतीवर ठेवला. "ह्या भितीवरून एक पान जरी आलं, तर देणाराचा हात ठिवणार नाय."

हे आशाबाईने मला आठवडा उलटल्यावर सांगितलं, घाबरून. मी तशीच एसटीत बसले.

आबा उन्हात खाटेवर होते. मी त्यांची बंडी वर केली. कोपर लागलं होतं एका ठिकाणी, पण काखेपासून कमरेपर्यंत सगळी कूस जांभळासारखी काळीनिळी झाली होती.

"दात घासताना बी जरा येतंय गं रगत," आबा म्हणाले. "जाऊ दे, म्हातारपण हाय."

मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आजच आणा, आणि आजची गोळी देऊ नका. पुंजाचा टेम्पो माल घेऊन शहरात गेलेला. राहिली कारभारीची जीप. मी चावी मागितली.

"ह्या महिन्यात आबाचा दवाखाना मी बगन," तो म्हणाला. "बाजार झाल्यावर नेतो."

"तोवर त्यांचा जीव जाईल, दादा. अंगातल्या अंगात रक्त फुटतंय त्यांचं. चावी दे."

"तू कोण सांगणार? तुला वाटा हाय का आबात?"

तळपायाची आग मस्तकात गेली. मी पायातली चप्पल काढली आणि ओट्यावर, चारचौघांदेखत, त्याच्या तोंडात हाणली. एक, मग दुसरी. त्याने माझे केस धरून मला खांबावर ढकललं. माझं कपाळ फुटलं. लक्ष्मीवहिनी बोंबलत मध्ये आली तर तिलाही एक बसली. मग त्याने खिशातून जीपची चावी काढली आणि सरळ विहिरीत फेकली.

"आता ने," म्हणाला.

मी आबांना म्हटलं, चला, एसटीने जाऊ, हळू जाऊ. आबांनी माझ्या कपाळावर आपल्या उपरण्याचं टोक दाबून धरलं. "साळे, आज एष्टीत बसलो तर गाव म्हणंल थोरल्यानं हाकलला. उद्या सकाळी पुंजाच्या गाडीत येतो. एक रात तर हाय."

त्यांना उचलून न्यायला हवं होतं. पण बापाला उचलून नेणारी लेक आमच्याकडे कुणी पाहिलेली नाही, आणि आबांनी खाटेची कड घट्ट धरली होती. मी लक्ष्मीवहिनीला दोनदा सांगितलं, आजची गोळी देऊ नका. रात्री पुंजाकडे आडवी झाले. भिंतीपलीकडून आबांचा खोकला ऐकू येत होता, त्यावरून ते आहेत एवढं कळत होतं.

सकाळी पुंजा टेम्पो पुसत होता आणि मी आबांचे कपडे पिशवीत भरत होते, तेवढ्यात आशाबाई शेताकडून ओरडत आली. "आवो, थोरल्यानी सगळं कापलं! या की लवकर!"

बहिणीची चप्पल कारभारीला रात्रभर झोंबली असणार. तो विळा घेऊन शेडनेटमध्ये शिरला होता. जाळीच्या चिंध्या लोंबत होत्या. तो वाफ्यांतून ओणव्याने चालत एकेक रोप मुंडीसारखं धरून छाटत होता. देठांतून पांढरा चीक वाहत होता, त्याच्या मनगटापर्यंत आला होता. "ह्या पाल्यानं घर फोडलं," तो म्हणत होता, "ह्या पाल्यानं बहिणीच्या हातून मार खायाला लावला."

पुंजाने टेम्पोतलं फावडं काढलं आणि काही न बोलता त्याच्या पाठीत घातलं. कारभारी गुडघ्यावर आला, वळला आणि विळा फिरवला. पुंजाचा तळवा अंगठ्यापासून मनगटापर्यंत उघडला. त्याने दुसऱ्या हाताने फावडं पुन्हा उचललं, ते कारभारीच्या खांद्यावर बसलं आणि हाड वाजलेलं मी ऐकलं. दोघे चिखलात पडले, पानांवरून घसरत, एकमेकांचे गळे धरून. मी पुंजाची कॉलर ओढत होते, आशाबाई कारभारीच्या पायाला लोंबकळत होती. आम्हाला दोघींना ते आवरणं शक्य नव्हतं.

तेवढ्यात आबा आले. काठी नाही, पायात चप्पल नाही. "आदी मला मारा रं," म्हणत ते दोघांच्या मध्ये वाकले. कारभारीने वर न पाहता हाताने मागे लोटलं. त्याला वाटलं मीच आहे. ते लोटणं म्हणजे काहीच नव्हतं, लहान मूलही पुन्हा उठून उभं राहिलं असतं. आबांचं डोकं शेडनेटच्या लोखंडी पाइपाला लागलं.

चिंचोक्याएवढी जखम होती. आबा उठून बसले आणि हसलेसुद्धा. "काय नाय झालं, भांडू नका," म्हणाले. पण रक्त थांबेना. कानामागून मानेवर, मानेवरून बंडीत. हळद दाबली, ती वाहून गेली. उपरणं भिजलं, माझा पदर भिजला. ते लाल कमी आणि पाण्यासारखं जास्त दिसत होतं. विळा कधी गळून पडला कारभारीला कळलं नाही. त्याने आपला राक्षसासारखा पंजा आबांच्या डोक्यावर दाबला, टेम्पोत मागे त्यांना मांडीवर घेऊन बसला, आणि पुंजाने फाटक्या हाताने गाडी पळवली. चित्तेपिंपळगाव येईपर्यंत आबा बोलत होते. मग त्यांची जीभ जड झाली. मग ते मला आईच्या नावाने हाक मारायला लागले. मी ओ देत राहिले.

हॉस्पिटलात आतल्या रक्तस्रावाने मेंदू दाबला गेल्याचं सांगितलं. रक्त गोठावं म्हणून इंजेक्शन दिलं. नंतर कळलं, त्या हिरव्या पानांत असतं तेच जीवनसत्त्व त्या सुईत होतं. पण उशीर झाला होता. दुपारी आबा गेले.

तोच डॉक्टर बाहेर आला. तरुण पोरगा, थकलेला. त्याने विचारलं, "रक्त इतकं पातळ कशामुळे झालं? मी सांगून ठेवलं होतं. या महिन्यात ते काय खात होते?"

कारभारी पुढे झाला. खांदा निखळून हात लोंबत होता, अंगावर बापाचं रक्त वाळलं होतं. कुणीतरी अखेर विचारलं म्हणून त्याचा चेहरा उजळल्यासारखा झाला. "साहेब, काय कमी केलं नाय म्या. कोंबडं, अंडी, दूध, तूप. गोळी माह्या हातानं दिली, कालची बी दिली, बायको नको म्हणत व्हती तरी. आन् त्यो पाला, धाकट्याच्या घरचा, त्याचं एक पान लागू दिलं नाय."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागला. त्याच्या मनात ते बोलावं की नाही असं चाललं होतं. मी म्हटलं, सांगा त्याला. माझ्या पोटात त्या क्षणी भावाविषयी दया नव्हती. होता नुसता राग, आणि त्याला कळावं एवढीच इच्छा होती.

डॉक्टरने साध्या शब्दांत सांगितलं. पान बंद झालं, गोळी वाढलेलीच राहिली, रक्ताचं पाणी झालं.

"म्हंजी डबा येऊ दिला असता तर?" कारभारीने विचारलं.

"तर या जखमेचं कदाचित टाके घालून भागलं असतं."

कारभारी बाहेर गेला, गाड्या लावतात तिथे. पुंजा टेम्पोला टेकून बसला होता, हाताला पट्टी. कारभारी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"मार मला," तो म्हणाला.

पुंजाने पट्टीची गाठ दातांनी ओढली.

"मार म्हणतो ना, पुंजा. आबाला म्या मारलं. मार."

पुंजा उठला आणि मारलं. आधी थप्पड, मग बुक्की, मग लाथ. कारभारीने जन्मात पहिल्यांदा हात वर केला नाही. पुंजाची पट्टी सुटून रक्त गळायला लागलं, कारभारी खाली पडला तरी पुंजा थांबेना. तो मारत होता आणि हमसून हमसून रडत होता. वॉचमनने शिट्टी मारली. लोक लांबून बघत राहिले.

मागून एसटीने आलेल्या लक्ष्मीवहिनीने माझा दंड धरून हलवला. "वन्सं, मरंल ना त्यो! सोडवा की! कुणी तरी मदी पडा!"

मी दाराकडे पाहिलं. इतकी वर्षं आमच्या घरात जो माणूस मध्ये पडायचा, त्याच्या तोंडावर आत चादर ओढली होती. माझे पाय काही उचलले नाहीत.